भरलेल्या गालांची राहून गेलेली नोंद

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
कर्मचारी व कुटुंबीय लसीकरण शिबिर,
तळमजला, मुख्य कार्यालय.

विषय : लसीकरण नोंदवहीत अर्जदाराने दिलेल्या 'नाही' या उत्तराची 'होय' अशी दुरुस्ती करून स्थगित शिबिर पुन्हा सुरू करण्याबाबत.

संदर्भ : १) शिबिर स्थगित केल्याचा आपला आदेश.
२) नोंद दुरुस्ती नियमावली, नियम ७ (मसुदा : अर्जदार).

महोदय,

१. अर्जदार या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मुख्य लिपिक असून एकतीस वर्षांच्या सेवेत त्याच्या हातून एकही खोटी नोंद झालेली नव्हती. आता एक झाली आहे. तिच्यासाठीच हा अर्ज.

२. शिबिराच्या पहिल्या दिवशी अर्जदार रांगेत तिसरा होता. हॉलमधला पंखा फार आवाज करतो (त्याच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा प्रलंबित आहे), त्यामुळे टेबलावरच्या सिस्टरना प्रत्येक प्रश्न ओरडून विचारावा लागत होता. ताप आहे का? नाही. कशाची ॲलर्जी? नाही. "चेहऱ्यावर सौंदर्यासाठी कसली इंजेक्शनं, फिलर वगैरे घेतलंय का?" अर्जदाराच्या मागे टंकलेखिका, तिच्यामागे वाहनचालक, आणि त्याच्यामागे ज्यांना अर्जदाराने आदल्याच आठवड्यात कामाच्या वेळेत आरशात पाहिल्याबद्दल लेखी समज दिली होती ते दोन कनिष्ठ लिपिक उभे होते. अर्जदार "नाही" म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चालले असते, पण पुढे "छे, हे काय आमचं वय आहे?" असेही म्हणाला. सिस्टरनी फक्त 'नाही' लिहून घेतले, याबद्दल तो त्यांचा आभारी आहे. वस्तुस्थिती अशी की, अर्जदाराने चार महिन्यांपूर्वी दोन्ही गालांत व डोळ्यांखाली फिलर, म्हणजे खोलगटपणा भरून काढणारे इंजेक्शन, घेतलेले आहे. त्याची कारणे येथे देण्याची गरज अर्जदारास वाटत नाही.

३. लस घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना अर्जदारास आरशात दुसराच इसम दिसला. गाल टम्म फुगलेले, डोळे बारीक झालेले. तरीही रजा न टाकता तो वेळेवर कामावर आला. पहारेकऱ्याने ओळखपत्रावरील छायाचित्राशी तोंड जुळत नाही म्हणून त्यास वीस मिनिटे फाटकाबाहेर उभे केले. नियम तसाच असल्याने पहारेकऱ्याबद्दल तक्रार नाही. टंकलेखिकेने "कुणी मारलं का हो तुम्हाला?" असे कळवळून विचारले. वाहनचालकाने मात्र काही न विचारता दुपारपर्यंत चारही मजल्यांवर सांगितले की, लस घेतली की तोंडाचा भोपळा होतो. वास्तविक अशा अफवेवर कोणी विश्वास ठेवला नसता. पण अर्जदार नाकासमोर चालणारा, बाहेरचा चहासुद्धा न पिणारा, आणि नोंदवहीत तर स्वच्छ 'नाही' लिहिलेले. मग दोष लसीचाच असणार, असे सर्वांनी एकमताने ठरवले. सुजेच्या दुसऱ्या दिवशी शिबिरात साठांपैकी एकोणीसच जण आले व आपण शिबिर थांबवलेत.

४. त्वचेच्या डॉक्टरांनी अर्जदारास तपासून सांगितले की, फिलर असलेल्या जागी क्वचित कोणाला अशी सूज येते, ती उतरते, घाबरण्याचे कारण नाही. मात्र लस घेतेवेळी सांगायला हवे होते. गोळ्यांनी पाच दिवसांत सूज पूर्ण उतरली. अर्जदाराचे तोंड पूर्वपदावर आले. शिबिर मात्र आले नाही.

५. अर्जदाराची मोठी बहीण, जिला सर्वजण आक्का म्हणतात, वय एकाहत्तर, हिला दम्याचा जुना विकार आहे. गेल्या थंडीत ती दोनदा इस्पितळात होती. ज्या तापाची ही लस आहे त्याची साथ तिच्या गल्लीपर्यंत पोचली आहे. आई लवकर गेल्याने अर्जदारास हिनेच लहानाचे मोठे केले, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत असले तरी नमूद केले आहे. तिचा क्रमांक सुजेच्या दुसऱ्या दिवशीच होता. आदल्या संध्याकाळी तिने अर्जदाराचे तोंड दोन्ही हातांत धरून पाहिले व म्हणाली, "अरे, गालगुंड झाले होते तेव्हासुद्धा एवढं नव्हतं! मला नको बाबा ती सुई." लसीचा दोष नाही असे सांगताच तिने विचारले, "मग कशाचा?" अर्जदार म्हणाला, "उष्णता." ती म्हणाली, "दोन गालांपुरतीच?"

६. परवा अर्जदाराने धीर करून तिला खरे काय ते सांगितले. तिने विश्वास ठेवला नाही. तिचे शब्द जसेच्या तसे देत आहे : "काहीतरीच! चष्म्याची दांडी बदलायला वर्षभर विचार करणारा तू, आणि गाल भरून घेशील? मला टोचून घ्यायला लावायचं म्हणून वाट्टेल ते सांगतोस. शिक्क्याचा कागद आण, मग बघू." सबब दुरुस्ती केलेल्या नोंदीची गोल शिक्क्यानिशी प्रत मिळावी.

७. येथे एक अडचण आहे. नियम ७ नुसार दुरुस्ती त्याच दिवशी होते, पण तिचा अर्ज कारणांसह पुढे सात दिवस तळमजल्याच्या सूचनाफलकावर लावावा लागतो. हा नियम अर्जदारानेच घातला व तो शिथिल करा म्हणणाऱ्यांशी त्याने वेळोवेळी वाद घातला, हे आपणास ठाऊक असेलच. तरी प्रस्तुत प्रकरणी, अर्जदाराचे वय, पद व कनिष्ठ लिपिक लक्षात घेता, नियमातून सूट मिळावी व कानोकान खबर न होता दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

८. सूट देणाऱ्या समितीचा सचिव अर्जदारच आहे. त्या नात्याने त्याने वरील परिच्छेद वाचून पाहिला. प्रकरण सूट देण्याजोगे नाही, असे त्याचे स्पष्ट मत झाले. शिवाय समितीची बैठक पुढील महिन्यात आहे आणि आपल्या आदेशानुसार लसीच्या उरलेल्या कुप्या येत्या शुक्रवारी परत जाणार आहेत.

९. हा अर्ज येथवर लिहून अर्जदार डबा खाण्यास उठला असता भाचीचा फोन आला. आक्काच्या भिंतीपलीकडच्या आजींना आज सकाळी इस्पितळात नेले. त्या आणि आक्का रोज दुपारी एकत्र गव्हले वळतात, म्हणजे काल दुपारीही वळल्या. आक्काला अद्याप ताप नाही. त्यानंतर अर्जदाराचा डबा तसाच राहिला. आपण सूट मागण्यासाठी कागद काळे करत बसलो होतो, याची त्यास मनस्वी लाज वाटते. सबब परिच्छेद ७ रद्द समजावा. तो खोडलेला नाही, कारण खाडाखोड नियमात बसत नाही.

१०. आता कारणे. गेल्या वर्षी निवृत्तीच्या कागदांसाठी पत्नीसमवेत छायाचित्र काढण्यास अर्जदार गेला होता. छायाचित्रकार पत्नीस म्हणाला, "काकू, वडिलांना जरा जवळ घ्या." पत्नी अर्जदारापेक्षा अवघ्या चार वर्षांनी लहान आहे. ती बस थांब्यापर्यंत हसत होती. अर्जदारही हसला. पण खरे सांगायचे तर मला फार वाईट वाटले. दातांची कवळी बसवल्यापासून गाल आत गेले होते, बसमध्ये माझ्याच वयाचे लोक उठून जागा द्यायला लागले होते. म्हणून गेलो. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो असे घरी सांगितले होते. आज फोनवर पत्नीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला केव्हाच कळलंय. गुडघ्याच्या दुखण्याला आठ दिवस उताणं कोण झोपतं? बरे दिसता. मला सांगितलं असतंत तर मीही आले असते."

११. तरी विनंती की,
(अ) नोंदवहीत 'होय' अशी दुरुस्ती व्हावी.
(आ) लसीचा दोष नव्हता, उत्तर देणाऱ्याचा होता, असे जाहीर करून शिबिर उद्यापासूनच सुरू व्हावे.
(इ) हा अर्ज आजच फलकावर लावावा व सोबतची दोन्ही छायाचित्रे त्याखाली चिकटवावीत. उद्या अकरा ते एक मी फलकाशेजारी स्वतः उभा राहीन. कोणास गाल दाबून खात्री करून घ्यायची असल्यास हरकत नाही, मात्र एका वेळी एकानेच दाबावा. कनिष्ठ लिपिकांनाही मुभा आहे. त्यांना दिलेली लेखी समज मी स्वतंत्र पत्राने मागे घेत आहे.

१२. भाची उद्या आक्काला रिक्षाने घेऊन येईल. तिला शिक्का आधी दाखवावा. शिक्का पाहिल्यावर ती हात पुढे करील. परिच्छेद १० मात्र टोचून झाल्यावर, अर्धा तास बसवून ठेवाल त्या वेळेतच वाचायला द्यावा आणि सिस्टरनी तिचा दम्याचा फवारा हाताशी ठेवावा. ती हसणार यात मला शंका नाही, आणि हसली की तिला दम लागतो.

आपला नम्र व गालांसह हजर,
(सही)
मुख्य लिपिक, अभिलेख कक्ष
मंगळवार, दुपारी तीन

सोबत : १) छायाचित्र, सुजेसह. २) छायाचित्र, सूज उतरल्यावर. ३) त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

प्रत : १) सूचनाफलक, तळमजला. २) आक्का.