कांगची उबदार कड

२८ नोव्हेंबर

चि. युनश्या हीस, अ. आ.

फोनवर दोन मिनिटांत पळतेस, म्हणून बाबांनी मला पत्रच लिहायला बसवलं. तुझ्या बॅटरीच्या कारखान्यातलं टाकाऊ द्रावण अखेर मी घरी बांधलेल्या गाडीला जोडलं. एका टाकीत पिवळं, दुसरीत जांभळं. पंप ते फिरवतात, त्यातून वीज होते आणि गाडी पळते! अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. शेजारची काकू म्हणाली, तुमची गाडी सरबत पिते वाटतं.

तीन वर्षं तू चांद्र नववर्षाला घरी आली नाहीस. आता बाबा म्हणतात, मीच तिच्याकडे दालियनला जातो. बसमध्ये त्यांचे पाय दुमडत नाहीत, म्हणून मागे त्यांना आडवं होता येईल अशी सीट केली आहे. पण थंडीत द्रावणाचं काय करू, ते कळव. इथे सगळं गोठतं.

बाबांची आठवण ठेव, माझी नाही ठेवलीस तरी चालेल.
दादा

१० डिसेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

सरबताचं वाचून दाखवून इथे सगळ्यांना हसवलं. बाबांना म्हणावं, आंबवलेल्या कोबीचे डंपलिंग तयार ठेवते.

घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. द्रावण डब्यांत काढून घरात ठेव, थंडी लागू देऊ नकोस. बाबांना जपतोस ना, तसंच जप म्हणजे झालं! बाकी सविस्तर पुढच्या पत्रात.

वहिनीला नमस्कार. रागावला असशील तरी माया असू दे.
युनश्या

६ फेब्रुवारी

युनश्या,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. तू बाबांच्या अंत्यविधीला आलीस, रडलीस, परत गेलीस. आज लिहितो.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचून घेतलं आणि स्वतःच अंथरूण गुंडाळलं. कांगवर, त्या झोपायच्या विटांच्या ओट्यावर, चुलीकडची कड, जिथे विटा सगळ्यात जास्त तापतात, ती घरातल्या मोठ्यांची. तिथे त्यांनी तुझे आठ डबे मांडायला लावले, वर स्वतःची रजई घातली आणि आपण खिडकीशी गार विटांवर झोपले. मी भांडलो. तर म्हणाले, मला काय धाड भरलीय, पोरीकडे जायचंय, ते नीट राहू दे.

वीस दिवसांत खोकला छातीत उतरला. दवाखान्यात न्यायला डबे गाडीत ओतले. पिवळ्यात विटकरी गाळ बसला होता. पंप दोनदा घरघरला आणि तुंबला. काकूच्या ट्रॅक्टरवरून नेलं, ते वाटेतच गेले.

नंतर तुझ्या कारखान्यात फोन केला. तू बैठकीत होतीस. तुझ्या शेजारी काम करणाऱ्या मुलीने सांगितलं, चाळीस अंशांच्या वर ते नासतं, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात.

मी फक्त थंडीचं विचारलं, ही चूक माझी. तुझं सविस्तर पत्र अजून आलेलं नाही.

तुझी वहिनी म्हणते, हे पाठवू नका. पाठवतोय. यंदा नववर्षाला येणार म्हणालीस, ये. डबे काढले आहेत. उबदार कडेला झोपायला इथे कुणी धजत नाही, तुझं अंथरूण तिथेच घातलं आहे.

लोभ मागत नाही.
दादा