भोंगा झाला की टेकडीवर

४ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे आणि चहाची भांडी नेमकी कुठल्या खोक्यात, यावरून नवरा-बायकोत जुंपली आहे. क्वार्टर लहान पण उजेडाचं. खिडकीतून नदी दिसते, पूल दिसतो आणि पलीकडे टेकडीवरची शाळा. ठमीने (आमची कन्या, वय सहा, हट्ट साठ वर्षांच्या माणसाचा) ती शाळा आपल्याला चालेल असं आल्या आल्या जाहीर केलं.

काम माझ्या आवडीचं आहे. आमच्या संस्थेने नदीवर, वरच्या अंगाला, पाण्याची उंची मोजणारी यंत्रं बसवली आहेत. पाणी वाढलं की क्वार्टरला लागून असलेल्या कंट्रोल रूममध्ये मला कळतं, मी भोंगा वाजवतो आणि गाव टेकडीवर जातं. तुटक भोंगा म्हणजे वर चला. सलग लांब भोंगा म्हणजे धोका टळला, खाली या. सोपं. इथल्या वायरमनने पहिल्याच दिवशी माझं बारसं करून टाकलं: भोंगेबुवा.

८ तारीख, शुक्रवार

पहिली तालीम घेतली आणि हसावं की रडावं कळेना. लोक लग्नाला निघाल्यासारखे रमतगमत निघाले. अर्ध्या वाटेत कोणीतरी म्हणालं की खोटा आहे हो भोंगा, की वरात माघारी. मी तिथेच सगळ्यांना फैलावर घेतलं. नियम केला: लांब भोंगा झाल्याशिवाय कोणीही खाली यायचं नाही, मग सांगणारा कोणी का असेना. मी स्वतः येऊन सांगितलं तरी नाही! शाळेच्या मुख्य बाई खूश झाल्या. त्यांनी मुलांकडून हे पाठच करून घेतलं.

ठमी मात्र भोंग्याला बिचकली. तिला बाजूला घेऊन सांगितलं की तू फक्त शाळेच्या फाटकाशी उभी राहा, बाबा घ्यायला येईपर्यंत जागचं हलायचं नाही. तिने माझ्याकडून वचन घेतलं, वर हातावर टाळीही घेतली.

१९ तारीख, मंगळवार

आजची तालीम दृष्ट लागण्यासारखी झाली. म्हातारीकोतारीसुद्धा झपाझप वर. संस्थेच्या साहेबांनी फोनवर पाठ थोपटली, तुमचं गाव इतरांना दाखवू म्हणाले.

स्टोअरमध्ये जमिनीचा कल मोजणारं एक यंत्र धूळ खात पडलं होतं. गंजण्यापेक्षा बरं म्हणून वायरमनने आणि मी ते परवा शाळेच्या पटांगणात पुरलं आणि त्याचा काटा कंट्रोल रूममध्ये जोडून घेतला. तालमीच्या वेळी तो जरा नदीकडे सरकला. लोक खाली उतरले तसा थांबला. एवढी माणसं एका जागी उभी राहिली, तर हलणारच म्हणा.

२३ तारीख, शनिवार

भोंगा आपोआप वाजला. तुटक. भर दुपारी, नदीत घोटाभर पाणी असताना. लोक शिस्तीत वर गेले. मी लांब भोंगा देऊन त्यांना खाली आणलं. यंत्रात कुठलाही हुकूम गेल्याची नोंद नाही. वायरमनने सगळी जोडणी उकलून पाहिली आणि कानावर हात ठेवले.

काटा पुन्हा सरकला. लोक वर असेपर्यंतच.

२६ तारीख, मंगळवार

परत वाजला. या वेळी मी पळत वर गेलो. पटांगणात फाटकापासून भिंतीपर्यंत भेग पडली आहे. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. आतून उबदार हवा येत होती. येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. वायरमनलाही हात घालून पाहायला सांगितलं. त्यानंतर तो चेष्टा करायचा बंद झाला.

२७ तारीख, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले आपली यंत्रणा पुराची, टेकड्या दुसऱ्या संस्थेकडे. दुसऱ्या संस्थेत फोन केला. ते म्हणाले पुराच्या संस्थेमार्फत या. कलाचं यंत्र नीट पुरलं नसेल, अशीही शंका घेतली. मी अक्षरशः हातापाया पडलो.

मुख्य बाईंना विनवलं की भोंगा झाला तरी मुलांना वर थांबवू नका, उलट खाली आणा. त्या हसल्या. म्हणाल्या, परीक्षा घेताय होय आमची? नियम पाठ आहे आमचा. बाजारात दुकानदारांना सांगितलं, तेही हसले. कोणाला फसवता, भोंगेबुवा?

मीच शिकवलंय त्यांना हे. मीच.

२८ तारीख, गुरुवार

वायरमनने भोंग्याची तार कापली. तुकडा माझ्या हातात दिला आणि बायकामुलांना घेऊन सासुरवाडीला निघून गेला. जाताना म्हणाला की साहेब, तुम्हीही निघा.

निघतोय. उद्या संध्याकाळची गाडी. बायकोने कारण विचारलं नाही, माझं तोंड पाहून सामान भरायला घेतलं.

२९ तारीख, शुक्रवार

वाजतोय. तार माझ्या टेबलावर आहे आणि भोंगा वाजतोय.

बायको ठमीला घेऊन तिचा शाळेचा दाखला आणायला वर गेलीय. जाताना फोन इथेच विसरली.

लोक पूल ओलांडून चाललेत. ओरडलो, आडवा पडलो, दोघांना धरून ठेवलं. हात सोडवून गेले. एक आजोबा माझी पाठ थोपटून म्हणाले, चुकणार नाही हो आम्ही.

काटा पट्टीच्या टोकाला—

एकच उपाय. लांब भोंगा. तेवढं एकच ऐकतील. तार जोडली. यंत्र पुन्हा चालू होतंय. फार हळू. हात गुंतवायला लिहितोय, नाहीतर ते फोडून टाकीन—

पटांगण भरलं. नदी बघायच्या दुर्बिणीतून दिसतंय. शाळेची भिंत कललीय. कोणी मागे बघत नाही—

चालू झालं. दाबलं.

लांब भोंगा! तुटक थांबला! उतरतायत. रांगेत उतरतायत. बाई मुलांना घेऊन पुढे. लवकर, लवकर करा रे—

पूल भरला. वर कोणी उरलं नाही. वाचले—

नाही. फाटकाशी कोणीतरी आहे. दोघी.

बायको तिचा हात ओढतेय. ठमी फाटक धरून बसलीय. मान हलवतेय, नाही, नाही. इकडेच बघतेय, खिडकीकडे—

मी सांगितलं होतं. बाबा घ्यायला येईप—

भिंत गेली. ठमे, आलो, मी आ