फणसाचा ओंडका

३ एप्रिल १९५७

हॉल मिळाला! इथेच, घाटकोपरात, महिला मंडळाचा. गुड फ्रायडेपासून तीन दिवस. माझा मित्र श्यामकांत याची सात चित्रं आणि माझी चार कोरीव लाकडं. फोर्टातल्या गॅलरीत आमच्यासारख्या नवख्यांना कोण उभं करतो? आणि आमची माणसं तरी तिथे कधी जातात? नवी कला आमच्या दारात यायला हवी — हे मी मंडळाच्या सेक्रेटरी वनमालाबाईंना इतक्या पोटतिडकीने सांगितलं की त्या म्हणाल्या, "बरं बरं. जाताना पंखे तेवढे बंद करा."

आनंद व्हायला हवा. पण मुलुंडहून, शाळेतून आले तेव्हा पाय बोलत होते. सातवीचे तपासायचे पेपर अजून तसेच पडलेत.

५ एप्रिल

आई आज पुन्हा घराच्या गॅलरीत ओंडक्यापुढे उभी होती. मामाने मालवणहून बोटीने पाठवलेला फणसाचा ओंडका. आधी लहान तीन केली, त्यांच्यावर हात बसला. हे मोठं मात्र दिवाळीपासून चाललंय. कमरेएवढं उंच, माथा सपाट, मध्ये एक पोकळी — ती आत वळत जाते. माणूस नाही, पक्षी नाही.

"ह्यां नेमकां काय गो?"

"आकार आहे, आई."

"कसलो आकार?"

"कसलाच नाही."

"मगे सहा म्हयने काय केलंस?"

९ एप्रिल

चेंबूरच्या स्थळाचा विषय पुन्हा निघाला. नंदकुमार, सरकारी कचेरीत. फोटोत बरा दिसतो. त्यात वाईट काही नाही, हाच तर त्रास आहे.

गिरणी सुटल्यापासून आप्पा साकीनाक्याला एका कारखान्यात जातात, दमून येतात. आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "घरात पहिली बी. ए. झालीस. नोकरी करतेस. मी कधी आड आलो? आता एकदा लोकांना दाखव, हौस भागव. मग होकार कळवू."

मी मान हलवली. वाद घालायचं त्राण नव्हतं.

पण मनाशी एक ठरवलंय. तीन दिवसांत एक माणूस — एकच! — 'हे काय आहे' असं न विचारता माझ्या लाकडासमोर उभं राहिलं, तर चेंबूरला नाही म्हणायचं. नाही राहिलं, तर कोरायची पटाशी पेटीत. कायमची.

१४ एप्रिल

हात दुखतात. फळा पुसतानाही.

१७ एप्रिल

वनमालाबाईंचा निरोप: शुक्रवारी संध्याकाळी त्याच हॉलमध्ये मंडळाचं चैत्राचं हळदीकुंकू आहे, विसरल्या होत्या, चालेल ना?

श्यामकांत उखडला. "वाट लागली! सरळ नाही म्हण."

"का? हॉल भरून बायका आपल्या पायांनी येतील."

"कैरीची डाळ खायला येतील, यार. तुझं लाकूड बघायला नाही."

"त्यांना कमी लेखू नकोस रे. कोणी कधी दाखवलंय का त्यांना?"

"तू मास्तरीण आहेस ना, बोलणंच खुंटलं."

मी चालेल म्हणून कळवलं. नवी कला कशी बघावी यावर पाच मिनिटं बोलणार आहे. भाषण लिहिलं. वाचून पाहिलं — माझं मलाच निबंधासारखं वाटलं. असू दे.

१९ एप्रिल

सकाळी थोडेच लोक. सगळ्यांनी विचारलं. सगळ्यांनी! एक पेन्शनर म्हणाले, "हत्ती का?" एका बाईंना वाटलं, उखळ अर्धवट राहिलंय. श्यामकांतच्या निळ्या चित्रासमोर एकजण बराच वेळ थांबला म्हणून आम्ही हरखलो — तो पंख्याखाली उभा होता.

दुपारी आंघोळीला आणि आईला आणायला घरी गेले. श्यामकांत चहाला गेला. पाचला परत आले आणि दारातच थांबले.

माझ्या लाकडावर गौर बसली होती!

पितळी पाळणा थेट माथ्यावर. मोगऱ्याच्या माळा. पोकळीत करंज्या आणि कलिंगडाचं कापलेलं कमळ. कडेने हळदीकुंकवाची बोटं. मागे हिरवा शालू ताणून बांधलेला, त्याच्याआड श्यामकांतची सगळी चित्रं.

"अगं, आमच्या टेबलाचा पाय मोडला ऐनवेळी," वनमालाबाई म्हणाल्या. "तुझं हे कसं उंचीला बरोब्बर आलं बघ! आणि मध्ये फराळाला कोनाडासुद्धा!"

हॉल भरला. बायका येत होत्या, समोर उभ्या राहत होत्या, हात जोडत होत्या. हे काय आहे, असं एकीनेही विचारलं नाही. एकीनेही नाही!

माझ्या भाषणाच्या कागदावर कुणीतरी पन्ह्याचा पेला ठेवला होता.

आईने बोलावलं होतं म्हणून चेंबूरहून जानकीबाई आल्या होत्या — नंदकुमारची आई. त्यांनी आरास डोळे भरून पाहिली. "कुणी केली हो?"

वनमालाबाईंनी मला पुढे ढकललं. "हिनेच आणलं ते, खास!"

"हौशी आहे मुलगी," जानकीबाई आईला म्हणाल्या. "आता दर चैत्रात आमच्या घरी हिच्याच हातची आरास."

सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मी ओटीतले हरभरे सावरत गप्प उभी राहिले. आई हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

२१ एप्रिल

संपलं. श्यामकांतने चित्रं गुंडाळून नेली. जाताना एवढंच — "तुझ्या बायकांना नमस्कार सांग."

चेंबूरचा निरोप आलाय. मुलगी पसंत. आप्पा बुधवारी संध्याकाळी होकार द्यायला जाणार. ते इतके खूश की कपड्यांना इस्त्री आजच करून आणली.

माझ्या अटीचं काय झालं? कोणी विचारलं नाही, म्हणजे मी जिंकले का? विचार करायचाही कंटाळा येतो.

आई ओल्या फडक्याने लाकूड पुसत बसली होती. फणस मुळातच पिवळा. हळद गेली की राहिली, कळत नाही. कुंकू मात्र रेषारेषांत उतरलंय. निघत नाही.

"तू थंय बोलाक नाय कित्याक?" तिने वर न बघता विचारलं.

"काय बोलणार?"

"सहा म्हयने माझी गॅलरी अडवलंस. माझ्यावांगडा भांडलंस. आणि थंय तोंड शिवलां तुजां?"

ती पुसत राहिली. पोकळीत हात घालून, आत जिथे वळतं तिथपर्यंत.

२३ एप्रिल

पटाशीला तेल लावून पेटीत ठेवली. रडू वगैरे आलं नाही. नुसती झोप येते आहे.

२४ एप्रिल

शाळेतून आले तर आप्पा इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर बसलेले. आई ठेवणीतली साडी नेसून, घामाने चिंब. दुपारीच, कुणाला न सांगता, एकटी चेंबूरला जाऊन आली होती. तिचं ऐकून जानकीबाई आत गेल्या त्या परत बाहेर आल्याच नाहीत म्हणे.

"सांगान इलंय," आई म्हणाली. "ती आरास नव्हती."

"मग काय होतं, असं विचारलं असेल त्यांनी."

"इचारल्यानी. म्हटलंय, ता माका ठावक नाय. पण आरास नव्हती ती."