आबांची बाटली

लोणावळा, शनिवार, ६ नोव्हेंबर १९७६

लष्करी डेपोखालच्या ठाकरवाडीचे आबा आज आले, तेव्हा सांगावंच लागलं. डेपोच्या सांडपाण्यानं नासलेल्या ओढ्याच्या खटल्याला परदेशातून येणारी मदत नव्या कायद्यानं अडली. परवानगीचा अर्जही फेटाळला. मी फुकट लढेन, पण पाणी तपासणारा तज्ज्ञ कुठून आणू? त्याच्याशिवाय कोर्टात काय टिकणार?

प्रत्येक तारखेला आणतात तशी ओढ्याच्या तांबूस पाण्याची बाटली आजही घासूनपुसून आणली होती.

"मंग ह्ये जज्जसायबाला दावायचं न्हाई?"

मी मानेनंच नाही म्हटलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

निघताना बाटली टेबलावरच राहिली. मी हाक मारली.

"ऱ्हाऊ द्या, वकीलसायेब. घरी ह्याच पान्याचा हंडा भरून ठिवलाय."