त्र्याण्णवाव्या पानावरची चिंधी

अमरावती, बुधवार

प्रिय खुशालराव यांस हरिहरचा प्रेमाचा नमस्कार. (सासरा झाल्यापासून तुला ‘राव’ लावायचं ठरवलं आहे. पुढे पत्रात ते टिकेलच असं नाही.)

ताजी बातमी आधी देतो. माझं पुस्तक परवा मलाच आहेरात मिळालं. ठिकाण धामणगाव रेल्वे, प्रसंग ललितच्या नव्या घराची वास्तुशांती. आमच्या सूनबाई अबोली यांनी बातमीला दुजोरा दिला आहे, कारण चकचकीत कागद तिनेच फाडला आणि ‘बाबा, हे तर तुमचंच!’ असं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तीच म्हणाली. आता तुझ्या गुडघ्याची चौकशी. कसा आहे? तेल लावतोस का? (चाळीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर ‘महत्त्वाचं आधी’ असं इतरांना ओरडून सांगितल्यावर मित्राचा गुडघाही दुसऱ्या नंबरवर जातो, राग मानू नकोस.) आम्ही सगळे बरे आहोत. कूलर चालू आहे, म्हणजे बरेच आहोत.

फोन न करता पत्र का, तर तू फोन स्पीकरवर ठेवतोस. आणि हे पत्र घरी न पाठवता तू रोज जाऊन बसतोस त्या धर्मेंद्रच्या कृषी केंद्राच्या पत्त्यावर का, तर जे लिहायचं आहे ते गोदावहिनींबद्दल आहे. दुकानातच बसून वाच. घरी नेऊ नकोस.

पुस्तकाची कथा तुला अर्धी माहीत आहे, उरलेली सांगतो. निवृत्त झाल्यावर लोक आत्मचरित्र लिहितात. मी लिहायला बसलो तर लक्षात आलं की माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही, जे घडलं ते दुसऱ्यांचं घडलं आणि मी त्याला मथळे दिले. पण रोजच्या आवडीच्या वस्तू मात्र भरपूर. आईचा लोखंडी तवा, दाढीचा तडकलेला आरसा, हात नसलेली खुर्ची, उन्हाळ्यात डोक्याला बांधायचा दुपट्टा, कूलर. एकेका वस्तूवर लिहीत गेलो तर तिच्या मागून माणसंही आली, आणि ‘तवा, कूलर आणि इतर सोयरे’ या नावाचं पुस्तक झालं. दोन प्रकाशकांनी ‘कळवतो’ असं कळवलं. मग म्हटलं आपणच काढू. भगवंतच्या छापखान्यात गेलो. तो म्हणाला, ‘काका, कमी काढसान तं महाग पडते, जास्त काढा, सस्ती पडते.’ पुस्तक स्वस्तात पडावं म्हणून मी इतकी खोकी घरी आणली की दिवाणाखाली मावेनात. मुखपृष्ठावर तव्याचं चित्र हवं होतं. भगवंतच्या कॉम्प्युटरमध्ये तवा नव्हता, समुद्र होता, कुणाच्या तरी कवितासंग्रहातून उरलेला. ‘समुद्र छान दिसते काका, लोकं उचलतात.’ म्हणून माझा तवा आता नारळाच्या झाडाखाली सूर्यास्ताच्या वेळी प्रकाशित झाला आहे. राजकमल चौकाजवळच्या एका दुकानदाराने दहा प्रती ठेवून घेतल्या, पण नाव वाचून पाककृतींमध्ये लावल्या. एक बाई परत करायला आल्या. म्हणाल्या, एवढं तवा तवा केलंय आणि एक धिरडंसुद्धा कसं करायचं ते दिलेलं नाही.

त्याच सुमारास तू आमच्याकडे आलास, दिवाणावर बसलास, पाय आत घ्यायला गेलास आणि घोटा खोक्यावर आपटलास. ‘अबे हरी, खाली काय गिट्टी भरून ठेवली का?’ मी सांगितलं. तू खोकं उघडलंस, एक पुस्तक हातात घेऊन वजन पाहिलंस (पान उघडलं नाहीस, मी पाहत होतो) आणि म्हणालास, ‘आपल्या पोरीच्या, प्रणालीच्या लग्नात परतीचा आहेर म्हनून देऊन टाकू. तुहं दिवाण मोकळं होईन.’ खुशाल, साऱ्या जन्मात माझ्या लेखनाचा असा सत्कार कुणी केला नाही. गोदावहिनी मात्र तेव्हाच स्पष्ट बोलल्या होत्या. ‘भाऊजी, लग्नात कोनी पुस्तकं वाटते का? स्टीलचा डबा द्याव, त्यात बाई रोज पीठ काढन, तं रोज आपलं नाव घेईन. पुस्तकात काय ठेवन?’ तू ऐकलं नाहीस. अकोल्याच्या त्या मंगल कार्यालयात पाहुण्यांनी पुडकी हातात घेऊन कशी दाबून पाहिली, ते मी खांबाआडून बघत होतो. पेढ्यांचा बॉक्स असेल या आशेने एका आजोबांनी ते कानाशी नेऊन हलवलं. वाजलं नाही म्हणून त्यांचा चेहरा जो उतरला, तो मला अजून दिसतो.

मी स्वतःची समजूत घातली होती की एवढ्या घरांत पुस्तक गेलं, त्यातल्या एखाद्या घरी एखादी दुपार अशी येईल की लाईट गेलेली असेल, मोबाईल बंद पडला असेल आणि कुणीतरी नाइलाजाने ते वाचेल. मला आपल्याकडची रीत आठवायला हवी होती. आहेरातला ब्लाउजपीस कधी कुणी शिवतं का? तो कपाटात घडी मोडू न देता ठेवतात आणि पुढच्या ओटीत पुढच्या बाईला देतात. तसं माझं पुस्तक निघालं. शेंदूरजनाघाटला एका जावळात दिसलं, असं कळलं. सेमाडोहला बदली झालेल्या एका गुरुजींना निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि माझं पुस्तक मिळालं. उभ्या वऱ्हाडात माझ्या पुस्तकाइतका प्रवास एसटीच्या कंडक्टरनेही केला नसेल, आणि कुणी म्हणून त्याचं तिकीट फाडलं नाही, म्हणजे कागद उघडला नाही.

आणि परवा ते माझ्यापर्यंत पोचलं. ललित माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, त्याची बायको आरती म्हणजे तुझी पुतणी. तिने आमच्या हिची, चारुशीलेची, ओटी भरली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात पुडकं दिलं. वरून दाबल्याबरोबर मला कळलं. (लेखकाला आपलं पुस्तक अंधारातही ओळखता येतं, विशेषतः खोकी वाहून कंबर धरली असेल तर.) अबोलीने कागद फाडला, आरतीने जीभ चावली, ललित पंगत वाढायला पळाला. मी हसून नमस्कार केला आणि पुस्तक पिशवीत टाकलं. आहेराला नाही म्हणता येत नाही.

आता खरी बातमी, जी मी संपादकाला न शोभेल इतकी खाली आणली. परतीच्या गाडीत अबोली पुस्तक चाळत होती. अचानक म्हणाली, ‘बाबा, हे कुणीतरी वाचलंय.’ आमच्या केयूरने गाडी बाजूला घेतली. खरंच वाचलेलं होतं! पानांच्या कोपऱ्यांवर हळदीची बोटं. तव्याच्या प्रकरणात तीन ठिकाणी, दुपट्ट्याच्या प्रकरणात तेलाचा एक गोल थेंब, कूलरपाशी तर दोन पानांत जिऱ्याचा दाणा. स्वयंपाक करता करता, ओट्याशी उभं राहून, कुणीतरी माझं पुस्तक वाचत होतं. केयूरला चेहरा दिसू नये म्हणून मी पाणी मागितलं आणि बाटली तोंडाला लावली. ही बोटं त्र्याण्णवाव्या पानापर्यंत होती. तिथे एक चिंधी खुणेला ठेवलेली. त्यानंतरची पानं कोरी करकरीत. माझा एकुलता एक वाचक तिथे थांबला होता.

चिंधी हिरवी, तांबड्या काठाची, जुन्या नऊवारीच्या पदराची. चारुशीलेने ती बोटांत धरून काठ नीट पाहिला. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातला खण उघडला आणि तशाच चिंध्यांची जुडी काढून टेबलावर ठेवली. तुला सांगायला नको त्या कुठल्या. तुझं घर आणि माझं घर यांच्यामध्ये गेली तीस वर्षं जो एक मोठा स्टीलचा डबा फिरतो आहे, तो वहिनी ज्या चिंधीने बांधतात, त्या त्या. उन्हाळ्यात मुंगवड्या आणि कुरड्या, दिवाळीत अनारसे, आणि इकडून जाताना चारुशीलेचा गुळांबा किंवा तिळाचे लाडू. तो डबा कधी रिकामा गेला नाही, रिकामा आला नाही. आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा साखरेची चिमूट घातल्याशिवाय परत करत नाहीत.

यंदा होळीनंतर तो डबा रिकामा आला. घासून, पुसून, आरशासारखा. आणि चिंधीने नाही, नायलॉनच्या दोरीने बांधलेला. चारुशीलेने तो पुन्हा उघडून आत हात फिरवून पाहिला. मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, ‘तुह्या वहिनीनं यंदा मुंगवड्या केल्याच नाय बा,’ आणि स्पीकरवर मागून वहिनींचा आवाज आला, ‘केल्या. पन सांगू नका.’ आम्ही दोघं दोन महिने विचार करत होतो की लग्नात आमचं काय चुकलं. मानपान राहिला का, चारुशीला लवकर निघाली ते लागलं का. चारुशीलेने तर वहिनींना फोन करणंच सोडलं. रोज दुपारी तीनला त्या दोघी बोलायच्या, आता तीन वाजले की ती उगाच कपाटं आवरते. त्या रिकाम्या डब्यात परवापर्यंत तिने काहीच ठेवलं नव्हतं.

उत्तर त्र्याण्णवाव्या पानावर होतं. त्या पानावर मी शेंदूरजनाघाटच्या रुख्मिणीबाईंच्या लिंबाच्या लोणच्याचं कौतुक केलं आहे. शेवटची ओळ अशी: ‘दुसऱ्याच्या घरचं इतकं प्रेमाचं मी आयुष्यात काही खाल्लं नाही.’ त्या ओळीवर हळदीचा पूर्ण अंगठा उमटला आहे. बोट नव्हे, अंगठा. दाबून. बिचाऱ्या वहिनी तव्यापासून वाचत आल्या असतील. आता आपला डबा येईल, मग येईल. आरसा आला, मोडकी खुर्ची आली, कूलरच्या पाण्याची मोटर आली, शेवटी लोणचं आलं तेही परक्या बाईचं. त्यांनी चिंधी तिथेच टाकून पुस्तक मिटलं, कागदात बांधलं आणि आरती आली तेव्हा तिच्या ओटीत घातलं. मी त्यांच्या जागी असतो तर चुलीत घातलं असतं.

आणि खुशाल, चौऱ्याण्णवाव्या पानावर काय आहे? शेवटचं प्रकरण. नाव ‘डबा’. पहिलं वाक्य: ‘मागचं वाक्य खोटं आहे, कारण अकोल्याच्या गोदावहिनींचा डबा अजून उघडायचा आहे.’ नुसतं पान उलटायचं होतं! पुढची सोळा पानं त्यांच्यावर आहेत. माझ्या टायफॉइडमध्ये त्यांनी पेजेचा डबा घेऊन उभ्याने एसटीतून केलेला प्रवास आहे, केयूरच्या जन्मानंतरचे डिंकाचे लाडू आहेत, चारुशीलेची आई गेली तेव्हा डब्यात नुसतंच भाकरी-पिठलं पाठवून ‘चूल पेटवू नका’ एवढा निरोप होता, तो आहे. जन्मभर ‘महत्त्वाचं आधी’ म्हणणाऱ्या माणसाने एकदाच हौसेने, पुस्तक आहे, बातमी नाही, म्हणून सर्वांत महत्त्वाचं शेवटी ठेवलं. त्याची ही फळं.

चारुशीला म्हणते, फोन करून सांगून टाका. पण सांगितलं तर वहिनी म्हणतील, ‘मी कुठं वाचलं तुमचं पुस्तक? मले कायले वेळ?’ आणि विषय कायमचा संपेल. त्यांनी वाचलं हे आपल्याला माहीत आहे, हे तोंडाने कुणी म्हणता कामा नये.

तेव्हा पत्र वाचून झालं की फाडून टाक, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
हरिहर

ता. क. : मुख्य काम राहिलंच. रविवारी केयूर आणि अबोली अकोल्याला एका साखरपुड्याला येत आहेत. त्यांच्यासोबत डबा येईल. गुळांबा आहेच, पण त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ते पुस्तक ठेवलं आहे. हिरवी चिंधी आता चौऱ्याण्णवाव्या पानात आहे आणि डबा चारुशीलेने खणातल्या दुसऱ्या चिंधीने बांधला आहे. तुझं काम एवढंच की त्या वेळी घरी राहायचं, डबा स्वतः उघडायचा नाही आणि वहिनींचा चष्मा कुठे आहे ते आधीच शोधून ठेवायचं. बोलायचं काही नाही. तुला ते अवघड जाईल, म्हणून तोंडात सुपारी धर.

ता. क. २ : पुस्तक तूही वाचलेलं नाहीस, हे आता सिद्ध झालं आहे. नाहीतर शेवटी काय आहे ते वहिनींना तूच सांगितलं असतंस आणि मी इतकी शाई घालवली नसती. निदान पहिलं पान उघड. पुस्तक कुणाला अर्पण केलं आहे ते तिथे लिहिलं आहे. तू कुणाला परका वाटू नयेस म्हणून तिथे तुझ्या नावाला मी ‘राव’ लावलेलं नाही.

ता. क. ३ : दिवाणाखाली अजून दोन खोकी आहेत. तुझ्या पियुषचं कुठे जमतंय का? (हे वहिनींजवळ डबा उघडल्यानंतरच काढ.)

ता. क. ४ : केयूर रविवारी अकराच्या सुमारास तुझ्याकडे पोचेल आणि संध्याकाळी परत निघेल, असं त्याने आत्ताच सांगितलं. वहिनी त्याच्या हाती डबा देतील, दिल्याशिवाय राहणार नाहीत. चारुशीला म्हणते, ती फाटकाशीच उभी राहणार आहे. झाकण उघडायची गरज नाही म्हणते, हातात घेतल्याबरोबर वजनावरून कळेल.