दुसऱ्यांदा लावलेला कौल

आबा, आज नळाला पाणी यायचं आहे आणि मी पाइप जोडून सकाळपासून त्याची वाट बघत बसले आहे. म्हटलं, तोवर तुम्हाला लिहावं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे तुम्ही असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. पुन्हा दुष्काळ पडला आहे. आपण गाव सोडून आलो तेव्हा जिथं नुसत्या बाभळी आणि खडक होते, जिथं तुम्ही सुटीच्या दिवशी उगाच काठी घेऊन फिरून यायचात, तिथं आता आमची सोसायटी आहे. शहर वाढत वाढत डोंगराला जाऊन टेकलं, पाणी मात्र मागेच राहिलं. कंपनीतून आलं की स्वयंपाक, मायच्या गोळ्या, पोरीचा अभ्यास, आणि त्यात टँकरवाल्याला फोन. मी दमले आहे, आबा. हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण ज्याला सांगावं तो म्हणतो, मग आम्ही काय लोळत पडलोय का?

त्यात पोरीने माझ्या गळ्यात एक खेळ बांधला आहे. चारपाच मैत्रिणी रविवारी आमच्याकडे जमतात आणि गोल बसून एक गोष्ट खेळतात. गोष्टीत प्रत्येकीने एकेक सोंग घ्यायचं: कुणी तिरंदाज, कुणी वैद्य, कुणी चोर. एकीने गोष्ट चालवायची, म्हणजे वाटेत नदी लागली, अंधार झाला, समोर राक्षस आला, हे सांगायचं. आधी जी मुलगी चालवायची ती शिकायला पुण्याला गेली. मग, "आई, तू चालव ना." झालं. मी त्यांना सरळ दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीसारख्या एका भुयारात नेऊन सोडलं. माझी स्वतःची ऐपत तेवढीच.

या खेळाचे फासे तुम्ही बघितले असते तर हातातून खाली ठेवले नसते. आपल्या सापशिडीचा चौकोनी फासा त्यात आहेच, पण एक चार बाजूंचा आहे, शिंगाड्यासारखा टोकदार. तो कसाही टाकला तरी एक टोक वर राहतं, म्हणून त्याचा आकडा टोकाशी वाचायचा. आठ बाजूंचा आहे, दहाचा आहे, बाराचा आहे. आणि सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे वीस बाजूंचा, जवळजवळ गोलच. सगळ्या बाजू सारख्या, म्हणून प्रत्येक आकड्याला सारखी संधी. लहान फासे मार किती बसला ते सांगतात. वीसचा फासा सांगतो, जमलं की नाही. पोरगी म्हणते, "मी दरीवरून उडी मारते." मी म्हणते, "बारा लागतील." ती फासा टाकते, तिच्या सोंगाच्या अंगात जेवढी चपळाई असेल तेवढे आकडे त्यात मिळवते, आणि बेरीज बारा किंवा वर गेली तर पार, नाही तर खाली. वीस पडला की सगळ्या किंचाळतात. एक पडला की घरात सुतक. पण एक गोष्ट मला फार उशिरा उमजली. काय करायचं हे फासा कधीच सांगत नाही. उडी मारायची हे आधी तुम्ही ठरवायचं, तोंडाने सांगायचं, आणि मगच फासा टाकायचा. आणि मागच्या खेपेला काय पडलं होतं, याची फाशाला आठवण नसते.

हे सगळं मी पोरींना शिकवते आणि मनात तुमचा कौल असतो. तुम्हाला माहीतच आहे कुठला. वस्तीच्या टोकाला लिंबाखाली देव, त्याच्या शेंदरावर पुजारी दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो आहे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दर साली दिवाळीनंतर आपण मेंढरं घेऊन गंगापूरकडे उतरायचो, गोदावरीच्या अंगाला, खतासाठी रानोरान मेंढरं बसवत. त्या दुष्काळाच्या साली तिकडेही काही हिरवं उरलेलं नव्हतं. तुम्ही देवाला विचारलं, "मेंढरं इकून शहरात जाऊ का?" मी मायच्या लुगड्याला धरून उभी आहे. डावी पाकळी पडते.

मग तुम्ही जे बोललात ते आपल्यात कुणी बोलत नाही. "पुन्यांदा लावा."

थोरले काका तुमच्या अंगावरच आले. "आरं, देवाला दोनदा इचारत्यात व्हय? नाय म्हणला ना तुला?" तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाही. पुजाऱ्याने नाइलाजाने पुन्हा पाकळ्या लावल्या, आणि उजवी पडली. आपण मेंढरं विकून शहरात आलो, तुम्ही एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झालात. काका गंगापूरकडे गेले, आणि त्यांची निम्मी मेंढरं तिथंच संपली, पण ते कुणी धरलं नाही. धरलं ते तुमचं. मला टायफॉइड झाला, दोनदा विचारल्याचं फळ. माझ्या पाठचा भाऊ राहिला नाही, तेच फळ. लग्नाकार्यात लोक तुम्हाला ओवाळायच्या आधी एकमेकांकडे बघायचे. तुम्ही कधी उलटून बोलला नाहीत. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. आणि शेवटी घाटी दवाखान्यात, खाटेवर, माय चहा आणायला गेली असताना तुम्ही मला विचारलंत, "पुन्यांदा इचारलं ते चुकलं का गं माजं?" मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. मी तुमची चादर सारखी केली. तो प्रश्न तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

मागच्या रविवारी आमच्या भुयारात पोरीची तिरंदाज कड्याच्या काठाला लोंबकळत होती. दोन वर्षं जपलेलं सोंग. दहा हवे होते, बेरीज धरून सात झाले. नियमाप्रमाणे ती मेली. पोरीचा खालचा ओठ बाहेर आला, अगदी बाळ असताना यायचा तसा. माझ्या तोंडातून निघून गेलं, "टाक परत." तिने टाकला, सतरा पडले. बाकीच्या खवळल्या. "ये क्या आंटी! ऐसा नक्को करो, रूल तो रूल है ना." मी म्हटलं, "चुकलं माझं, मला काय बोलायचं ते बोला, तिला काही म्हणू नका." रुसून रुसून त्या सामोसे खाऊन गेल्या.

माय कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. पोरी गेल्यावर ती म्हणाली, "तुज्या आबानं बी अस्संच केलतं."

मी म्हटलं, "ते वेगळं होतं, माय. त्यांना देवाकडून होकार पाहिजे होता."

"त्याला कशाला पायजे व्हता? म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी त्यानं सकाळीच काढून ठिवली व्हती. जायाचं ठरलंच व्हतं. देव नाय म्हणला तरी आमी जानारच व्हतो." तिने सालं फुंकून बाजूला केली. "डावी पडली आन् तू रडाया लागलीस. देव नाय म्हणतोय, आता आपुन मरनार, आसं म्हणून लई रडलीस. म्हणून लावला त्यानं पुन्यांदा. मला म्हणला, पोरगी भेत भेत नको याया."

"मग हे काकांना का नाही सांगितलं कधी?"

"काय सांगायचं? पोरीपायी इचारलं म्हणून? मग सारं तुज्या डोक्यावर आलं नसतं व्हय?"

आबा, मी आठवडाभर हे घेऊन हिंडते आहे. कंपनीत हिंडते, गच्चीवर टाकीत डोकावते, आणि मधेच थांबते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे: नाही चुकलं. तुम्ही आधी ठरवलं होतं, मायला तोंडाने सांगितलं होतं, जे पडेल ते सोसायची तयारी ठेवली होती. त्यानंतरची पाकळी तुमच्यासाठी नव्हतीच. हे घाटीतल्या त्या खाटेशी बसून सांगता आलं असतं तर मी आज इतकी दमलेली नसते, असं उगाच वाटतं.

हे कुठं टाकायचं पत्र नाही, मी ते घडी घालून डाळीच्या डब्यांमागे सरकवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. मायने सांगितल्यापासून मी तो दिवस पुन्हा पुन्हा काढून बघते. लिंब दिसतो, पाकळी दिसते, काकांचा हात दिसतो, तुमची पाठ दिसते. ज्याच्यापायी तुम्ही जन्मभर लोकांचं ऐकून घेतलंत, ते माझं रडणं मला आठवत नाही, आबा.