मांजरीचा डावा हात

आई, मागच्या रविवारी तुझ्या नातीनं लॅपटॉपवर एक खेळ लावला आणि मी कणकेचे हात घेऊन तशीच स्वयंपाकघरातून बाहेर आले. आवाजावरूनच ओळखला. मांजरीचे कान आणि शेपटी असलेल्या दोन पोरी, एक नारंगी, एक काळी, एकमेकींना लाथा मारून राहिलेल्या. नात म्हणाली, "मम्मी, हा लई जुना गेम आहे. जपानमधल्या तिघा-चौघा दोस्तांनी घरी बसून बनवला होता, कंपनी-बिंपनी काही न्हाई. आता परत काढलाय, इंग्रजीत." मी म्हटलं, "तुझी आजी खेळायची हा." तिला खरं वाटलं नाही. तिनं तुला पाहिलंच नाही. इथं हिंगोलीच्या घरात तू भिंतीवरचा फोटो आहेस, हसू दाबून बसलेली.

कुणालाच खरं वाटलं नसतं. वसमतच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मराठी तीस, मराठी चाळीसचे टायपिंग क्लास घेणारी बाई तू. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा नांदेडहून चार जुन्या मशीनी आणल्यास, आणि त्यातल्या एकीत आधीच्या मालकाचा हा खेळ राहून गेला होता. तो क्लासच्या पोरींना सापडला. तू तावातावानं आलीस, "काय लावून राहिल्या गं? परीक्षा तोंडावर आली," म्हणत खेळ पुसायला बसलीस, आणि कुठली तरी कळ दाबली गेली. नारंगी पोरीनं काळीला उडवून दिलं. तू थांबलीस. परत तीच कळ दाबलीस. त्या दिवसापासून दुपारची बॅच सुटली की, चारच्या पोरी यायच्या आधी, आपण दोघी डबा खाऊन त्या मशीनसमोर बसायचो. तुझी बोटं किती पळतात ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. नारंगी पोरगी तुझ्या हाताखाली नुसती नाचायची. मी हरले की म्हणायचीस, "बोटांकडं बघतीस म्हणून हरतीस. समोर बघ." पडद्यावर जपानी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायचे. ते तू मला वाचून दाखवायचीस. "ही म्हणून राहिली, काल भाकर तू करपवली. ती म्हणती, तुला तर पीठबी मळता येत न्हाई." मी हसून लोळायचे.

मग तुला लकवा मारला. मी बारावीला होते. पप्पा एसटीत कंडक्टर, त्यांची ड्युटी काही चुकत नव्हती. क्लास बंद झाला, तीन मशीनी गेल्या, एक घरी आली, तुझ्या बाजेजवळ. तुझा डावा हात मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राहायचा. महिन्याभरानं एका दुपारी तू जड जिभेनं म्हणालीस, "मांजर लाव." मला वाटलं घरात मांजर शिरलंय. मग तू उजवा हात कीबोर्डवर ठेवलास आणि म्हणालीस, "डावा हात तू हो." डाव्या बाजूच्या कळांनी मी नारंगी पोरीला चालवायचे, उड्या मारायला लावायचे, आणि ठोसे तू मारायचीस. आधी फार हरलो. हळूहळू जमलं. तू आता मारणार हे मला तुझ्या श्वासावरून कळायचं, आणि मी तिला बराबर पुढं नेऊन ठेवायचे. पहिल्यांदा आपण जिंकलो तेव्हा तुझ्या तोंडाच्या एकाच बाजूला हसू आलं, आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

इथवर मी लोकांना सांगते. पुढचं सांगत नाही. माझी परीक्षा जवळ आली होती. शेजारच्या बायका तुला बघायला यायच्या आणि पडद्यावरच्या त्या पोरी बघून एकमेकींकडं बघायच्या, मला लाज वाटायची. मी कॉलेजातून यावं तर तू उजवा हात कीबोर्डवर ठेवून वाट बघत बसलेली. एक दिवस मी लवकर आले, तू झोपली होतीस. मी टेबलामागं हात घालून तार काढली. तू उठलीस, मशीन लावायला सांगितलंस, मी बटण दाबलं.

"बिघडली, आई."

"काहून?"

"कोण जाणे. परीक्षा झाली की मेकॅनिकला बोलावते."

तू बंद पडद्याकडं थोडा वेळ पाहिलंस. म्हणालीस, "राहू दे. तू अभ्यास कर." त्यानंतर मांजरीचं नावही काढलं नाहीस. मी रोज दुपारी अभ्यास केला, तुझ्याकडं पाठ करून. तुझा उजवा हात कधी कधी चादरीवर हलायचा, बोटं एकेक करून उचलली जायची. मला दिसायचं ते. दोन पेपर राहिले असताना तुला दुसरा झटका आला आणि नांदेडच्या दवाखान्यात नेताना वाटेतच तू गेलीस. पुण्यानुमोदनाला तुझ्या क्लासच्या पोरी आल्या होत्या. म्हणाल्या, लेकीनं लई केलं आईचं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

रविवारी नातीनं मला खेळायला बसवलं. चालणं, उड्या, मागं सरकणं, सगळं आलं. मारायचं कसं ते मात्र हाताला आठवेना. नात म्हणाली, "मम्मी, तुला निम्माच गेम येतो." चौकोनांच्या जागी आता शब्द दिसतात. त्या दोघी अगदीच साधं काहीतरी बोलतात. तुझे संवाद चांगले होते.

आई, चार मशीनी एकटीनं सांभाळणारी बाई तू. मशीन चालू होईना तर पोरींना सगळ्यात आधी सांगायचीस, मागं तार बघा. त्या दिवशी आजारपणात तुला ते सुचलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही म्हणून राहून जाईल, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. पत्ता असता तरी मी टाकलं नसतं. तुझं उत्तर आलं असतं, आणि ते उघडायची माझी हिंमत नाही.